लॅबचा एनएटएन सर्व्हर माझ्याकडे आलाय. टोकन-पासवर्ड जागोजागी उघडे दिसताहेत. सुरुवात कुठून करू?

समीर_मिरज

नमस्कार मंडळी,

मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. कॉम्प्युटरची आवड आहे म्हणून लॅबचं 'ऑटोमेशन' आता माझ्याकडे आलंय. ज्या मुलाने हे उभं केलं त्याला पुण्यात नोकरी लागली. जाताना त्याने सगळं बसून दाखवलं, अजूनही फोन केला की उत्तर देतो. त्याच्याबद्दल तक्रार अजिबात नाही. पण आता जबाबदारी माझी आहे आणि आत डोकावल्यावर झोप उडाली आहे.

व्यवस्था अशी: एका छोट्या व्हीपीएसवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर, डॉकरच्या कंटेनरमध्ये एनएटएन (n8n), म्हणजे वेगवेगळ्या सेवा जोडून कामं आपोआप करणारं सॉफ्टवेअर, आवृत्ती १.१०४. डेटाबेस एसक्यूलाइट. गूगल शीटमध्ये 'रिपोर्ट तयार' असं केलं की पीडीएफ पेशंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. रेझरपेची पेमेंट लिंक जाते, पैसे आले की पावती निघते. रात्री डॉक्टरांना टेलिग्रामवर दिवसाचा हिशोब. आणि घरी येऊन सॅम्पल घेण्यासाठी एनएटएनचाच एक फॉर्म आहे, त्यात लोक डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो चढवतात.

दिसलं ते असं (कामांच्या साखळीला 'फ्लो' आणि तिच्यातल्या एकेका पायरीला 'नोड' म्हणतात). व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज एचटीटीपी रिक्वेस्ट नोडमधून जातो आणि त्याच्या हेडरमध्ये 'ईएए'ने सुरू होणारं लांबलचक टोकन, म्हणजे त्या सेवेची गुप्त किल्ली, जसंच्या तसं लिहिलंय. टेलिग्रामच्या बॉटचं टोकन तर थेट यूआरएलमध्येच आहे. रेझरपेचा वेबहुक (पैसे आल्याची आपोआप येणारी सूचना) खरा आहे का हे तपासायला कोड नोड आहे, त्यात सिक्रेट कोट टाकून लिहिलंय. गूगलच्या सर्व्हिस अकाउंटची (प्रोग्रामसाठीच्या खात्याची) की असलेली जेसन फाइल रिसेप्शनच्या पीसीवर, डाउनलोडच्या फोल्डरमध्ये. डॉकर कंपोजची फाइल आणि सगळे फ्लो गिटच्या (फाइलींचा पूर्ण इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या) प्रायव्हेट रिपोमध्ये आहेत.

डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "रिपो प्रायव्हेट आहे, सर्व्हरला पासवर्ड आहे, मग जाणार कुठून?" मला नीट उत्तर देता आलं नाही. एंटरप्राइझ प्लॅन परवडणारा नाही. आणि सकाळी सातला उपाशीपोटी आलेले पेशंट रांगेत उभे असतात, त्यामुळे सकाळी काही बंद पडून चालणार नाही.

आधी काय, नंतर काय, एवढं कुणी सांगेल का?

---

कोथरूडचा_प्रथमेश

इतकं घाबरण्यासारखं नाही. सगळी सिक्रेट्स एका डॉट-ईएनव्ही फाइलमध्ये टाका, ती फाइल गिटइग्नोरमध्ये घाला म्हणजे गिटमध्ये जाणार नाही, आणि नोडमध्ये एक्स्प्रेशन (छोटं सूत्र) लिहून एन्व्हायर्नमेंटमधून (सर्व्हरच्या सेटिंगमधून) वाचा. फ्लोमध्ये काही उघडं राहणार नाही. रिपो प्रायव्हेट असेल तर जुन्या कमिटचं (गिटमधल्या जुन्या नोंदींचं) विशेष टेन्शन नको. आमच्याकडे असंच चालू आहे.

---

अरुंधती_ठाणे

समीर, तुम्ही जाता जाता लिहिलेल्या दोन गोष्टींनी मला आधी हलवलं: फोटो चढवता येणारा फॉर्म, आणि आवृत्ती १.१०४. बाकीचं उद्या केलं तरी चालेल. हे आज रात्री, लॅब बंद झाली की.

कारण सांगते. जानेवारी २०२६ मध्ये एनएटएनमधली सीव्हीई-२०२६-२१८५८ ही त्रुटी जाहीर झाली. तीव्रता १० पैकी १०. फॉर्मवर आलेली विनंती खरोखरच फाइल घेऊन आलीय का, हे तपासलंच जात नव्हतं. त्यामुळे लॉगिन न करता कुणीही फोटोच्या जागी तुमच्या सर्व्हरवरच्याच एखाद्या फाइलचा पत्ता देऊ शकत होता. तो फ्लो पुढे ती फाइल कुठे परत दाखवत असेल, तर ती वाचताही येत होती. शोधणाऱ्या सायेरा कंपनीने दाखवलेला मार्ग नीट वाचण्यासारखा आहे: आधी एसक्यूलाइटची फाइल वाचायची, मग त्याच फोल्डरमधली कॉन्फिग फाइल. डेटाबेसात युजरची माहिती, कॉन्फिगमध्ये एन्क्रिप्शन की, म्हणजे सगळी सिक्रेट्स कुलूपबंद करणारी किल्ली. लॉगिनच्या कुकीचं सिक्रेट वेगळं दिलं नसेल तर एनएटएन ते त्याच कीवरून काढतं. म्हणजे दोन फाइली हाती आल्या की अ‍ॅडमिनची कुकी बनवून माणूस आत. पासवर्ड ओळखायची गरजच नाही. डॉक्टरांच्या "जाणार कुठून" या प्रश्नाला हे एक उत्तर आहे, आणि तुमच्याकडे अगदी तसाच फॉर्म आहे.

दुरुस्ती १.१२१.० मध्ये झाली, पण तिथे थांबू नका. डिसेंबर २०२५ मध्ये आणखी एक त्रुटी समोर आली होती, सीव्हीई-२०२५-६८६१३. तिच्यात फ्लो बदलण्याचा हक्क असलेला माणूस एक्स्प्रेशनमधून थेट सर्व्हरवर कोड चालवू शकत होता. म्हणून आत्ताची स्थिर आवृत्तीच घ्या. दोनच्या मालिकेत जाताना काही गोष्टी मुद्दाम बंद केलेल्या आढळतील, उदाहरणार्थ एक्झिक्यूट कमांड नोड, आणि कोड नोडमधून एन्व्हायर्नमेंट वाचणं. तेव्हा आधी कंटेनर थांबवा, पूर्ण व्हॉल्यूमची (एनएटएनचा डेटा असलेल्या जागेची) प्रत काढा, मग आवृत्ती बदला. एसक्यूलाइटची फाइल चालू असताना कॉपी करू नका, अर्धवट प्रत निघते. रात्री केलंत तर सकाळी सातच्या आत प्रत्येक फ्लो एकदा स्वतःच्या नंबरवर चालवून बघता येईल. नाहीच जमलं, तर निदान तो फॉर्म निष्क्रिय करा आणि चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा.

आता उघड्या टोकनांबद्दल. मी ठाणे-डोंबिवलीतल्या छोट्या ऑफिसांचे सर्व्हर सांभाळते आणि सगळीकडे एकच समजूत आढळते: नोडमधून टोकन काढलं की ते गेलं. ते जात नाही. एनएटएन प्रत्येक एक्झिक्युशनबरोबर, म्हणजे फ्लो चालला की दर वेळी, त्या वेळच्या पूर्ण फ्लोची प्रत डेटाबेसात ठेवतं. तुमच्या लॅबमधून दिवसभरात जितके रिपोर्ट गेले तितक्या वेळा ते 'ईएए' टोकन पुन्हा लिहिलं गेलंय. जुनी एक्झिक्युशन्स आपोआप पुसली जातात, पण मूळ मुदत ३३६ तासांची, म्हणजे १४ दिवसांची. शिवाय फ्लोच्या जुन्या आवृत्त्या. शिवाय गिट. शिवाय व्हीपीएसचा स्नॅपशॉट (पूर्ण सर्व्हरची प्रत). इतक्या ठिकाणी हात घालून पुसत बसणं व्यर्थ आहे. आधी जुनं टोकन निकामी करा. निकामी टोकन शंभर ठिकाणी पडलेलं असलं तरी बिघडत नाही.

याउलट एनएटएनच्या क्रेडेन्शियलमध्ये (टोकन-पासवर्ड ठेवायच्या खास जागेत) ठेवलेली गोष्ट डेटाबेसात एन्क्रिप्ट होऊन बसते. फ्लो एक्स्पोर्ट केला तर क्रेडेन्शियलचं फक्त नाव आणि आयडी बाहेर जातो, आतलं सिक्रेट जात नाही. यासाठी एंटरप्राइझ लागत नाही, फुकटच्या आवृत्तीत हे आहे. तुमच्या चारही सेवांसाठी सोय आहे. टेलिग्रामचा स्वतःचा नोड आहे, यूआरएल हाताने लिहायची गरज नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस क्लाउडचाही आहे. गूगल शीट सर्व्हिस अकाउंटवर चालतं. रेझरपेसाठी एचटीटीपी रिक्वेस्ट नोडमध्येच बेसिक ऑथ निवडायचं: युजरच्या जागी की आयडी, पासवर्डच्या जागी की सिक्रेट.

प्रत्येक सेवेला क्रम हाच: नवं टोकन काढा, क्रेडेन्शियलमध्ये घाला, फ्लो चालवून बघा, मग जुनं मारा. रेझरपे नवी की काढताना जुनी लगेच बंद करायची की काही वेळाने हे विचारतं, त्यामुळे पावत्या अडकणार नाहीत. टेलिग्रामला तसं नाही. बॉटफादरला (बॉट सांभाळणाऱ्या टेलिग्रामच्या खात्याला) रिव्होक, म्हणजे रद्द कर, सांगितलं की जुनं टोकन त्याच क्षणी मेलं, तेव्हा ते रात्रीचा हिशोब गेल्यावर करा. गूगलच्या सर्व्हिस अकाउंटला एका वेळी अनेक की ठेवता येतात. नवी काढा, चालतेय बघा, जुनी कन्सोलमधून डिलीट करा. त्या अकाउंटच्या ईमेलला फक्त तुमची ती एक शीट शेअर आहे ना, हेही पाहून घ्या. पूर्ण ड्राइव्ह फोल्डर शेअर केलेलं सापडण्याची शक्यता बरीच असते.

सुरुवात व्हॉट्सअ‍ॅपपासून करा, रेझरपे दुसरं. रेझरपेच्या पैशांचा निदान हिशोब लागतो. लॅबच्या नावाने कुणी पेशंटला "तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे, या लिंकवर पैसे भरा" असं पाठवलं, तर तो विश्वास परत आणता येत नाही.

आता प्रथमेश, तुमच्याशी दोन मुद्द्यांवर मी सहमत नाही.

पहिला, प्रायव्हेट रिपो. २०१६ मध्ये उबरचं जे झालं ते प्रायव्हेट रिपोतच झालं. हल्लेखोर उबरच्या इंजिनियरांच्या गिटहब खात्यात शिरले, तिथल्या कोडमध्ये अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची की सापडली आणि सुमारे ५.७ कोटी लोकांची माहिती गेली. रिपो प्रायव्हेट आहे म्हणजे ज्यांच्या खात्याला प्रवेश आहे तितक्या लोकांच्या पासवर्डवर तुम्ही विसंबून आहात. त्यात पुण्याला गेलेल्या मुलाचा जुना लॅपटॉपही आला.

दुसरा, एन्व्हायर्नमेंट. ज्याला फ्लो बदलता येतो, तो कोड नोडमध्ये एक ओळ लिहून सगळे व्हेरिएबल छापून घेऊ शकतो. त्यात डेटाबेसचा पासवर्ड आला, एन्क्रिप्शन कीसुद्धा आली. आणि एक्स्प्रेशनने वाचलेली किंमत एकदा का एखाद्या सेट नोडमधून गेली, की ती एक्झिक्युशनच्या आउटपुटमध्ये उघडी नोंदली जाते. म्हणूनच दोनच्या मालिकेत हा प्रवेश मुळात बंद ठेवलाय. तो परत चालू करून काम भागवू नका.

समीर, आणखी एक जागा बघाच. फ्लो तपासताना डेटा 'पिन' करायची, म्हणजे नमुना म्हणून धरून ठेवायची सोय असते. पिन केलेला डेटा फ्लोच्या जेसनमध्येच साठतो आणि एक्स्पोर्टबरोबर बाहेर जातो. लॅबच्या फ्लोमध्ये पिन केलेलं म्हणजे कुणाचं तरी नाव, वय, मोबाइल आणि एचबीए१सी (साखरेच्या तपासणीचा आकडा). ते गिटमध्ये गेलेलं असू शकतं. फ्लो कुठल्या ग्रुपवर किंवा एआयच्या चॅटमध्ये "बघा काय चुकतंय" म्हणून चिकटवण्याआधी पिन काढायचे आणि हेडर पुन्हा एकदा नजरेखालून घालायचे. कर्लची (टर्मिनलमधून विनंती पाठवायची) कमांड इम्पोर्ट करून बनवलेल्या नोडमध्ये ऑथरायझेशनचं हेडर हमखास सोबत येतं. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप नोडचंही तेच झालं असावं, कारण मेटाच्या पानावर नमुना कर्लमध्येच दिलेला असतो.

बाकी एडिटर जगासमोर कशाला? कॅडी किंवा एनजिनएक्स हा प्रॉक्सी (मधला दारवान) पुढे लावून बाहेरच्यांना फक्त वेबहुक आणि फॉर्मचे मार्ग खुले ठेवा. एडिटरला पोचायचं ते टेलस्केल किंवा वायरगार्डच्या खासगी नेटवर्कमधून. लॅबचे दोन पीसी आणि तुमचा फोन, एवढंच.

---

समीर_मिरज

अरुंधतीताई, मनापासून आभार. काल रात्री बसलो. प्रत काढली, आवृत्ती बदलली, सकाळी सगळं चालू होतं. फॉर्म दोन दिवस बंदच ठेवतोय. टेलिग्राम आणि गूगल झालं.

व्हॉट्सअ‍ॅपला अडलोय. मेटाच्या बिझनेस सेटिंगमध्ये गेलो तर कळलं की टोकन त्या मुलाच्या स्वतःच्या फेसबुक खात्यातून काढलेलं आहे आणि लॅबच्या खात्याचा अ‍ॅडमिनही एकटा तोच आहे.

दुसरं म्हणजे रेझरपेचा कोड नोड. सही तपासायला सिक्रेट लागतंच, आणि कोड नोड तर क्रेडेन्शियल वाचू शकत नाही. मग ते ठेवायचं कुठे?

तिसरं, पिन केलेला डेटा होता. खऱ्या पेशंटचा. गिटमध्येही गेला होता.

---

डेव्हऑप्स_नाशिक

गिटबद्दल लिहितो, कारण माझं रोजचं काम तेच. टोकन बदललं की जुन्या कमिटमधलं टोकन निरुपयोगी झालं, ते खरं. पेशंटची नावं मात्र 'बदलता' येत नाहीत, त्यामुळे तो इतिहास खरवडावाच लागेल. गिट फिल्टर-रिपो नावाचं साधन आहे, त्याने ती फाइल सगळ्या इतिहासातून काढा आणि फोर्स पुश करा. तरीही जुन्या क्लोनमध्ये (रिपोच्या उतरवून घेतलेल्या प्रतीत) ती राहते, आणि होस्ट करणाऱ्याकडे जुने कमिट काही काळ आयडीवरून उघडू शकतात. तुमच्यासारख्या छोट्या रिपोला सोपा मार्ग: स्वच्छ फ्लो घेऊन नवी रिपो सुरू करा, जुनी डिलीट करा, आणि त्या मुलाला त्याच्याकडचं क्लोन डिलीट करायला सांगा.

एक इशारा. फ्लोचा बॅकअप घ्यायला गिटहब अ‍ॅक्शन्स वापरत असाल तर दुसऱ्याची अ‍ॅक्शन टॅगवर (हलवता येणाऱ्या नावावर) नको, पूर्ण कमिट हॅशवर (न बदलणाऱ्या ओळखक्रमांकावर) बांधा. मार्च २०२५ मध्ये टीजे-अ‍ॅक्शन्सची चेंज्ड-फाइल्स ही अ‍ॅक्शन कुणीतरी बिघडवली, जुने टॅगसुद्धा नव्या वाईट कोडकडे वळवले, आणि २३,००० हून जास्त रिपो वापरत असलेल्या त्या अ‍ॅक्शनने सिक्रेट्स बिल्डच्या लॉगमध्ये छापायला सुरुवात केली. हॅशवर बांधलेल्यांना आधीचाच चांगला कोड मिळत राहिला.

---

अरुंधती_ठाणे

समीर, काल रात्रीच केलंत हे फार बरं केलंत.

व्हॉट्सअ‍ॅप: त्या मुलाला आजच फोन करा, तो उचलतोय तोवर. आधी डॉक्टरांना पूर्ण अ‍ॅडमिन करायला सांगा, त्यांच्या खात्याला टू-फॅक्टर लावा. मग डॉक्टरांच्या लॉगिनने बिझनेस सेटिंगमध्ये एक सिस्टम युजर तयार करा. सिस्टम युजर म्हणजे माणसाशी न जोडलेलं खातं, कुणी नोकरी सोडली म्हणून ते मरत नाही. त्याला फक्त तुमचं व्हॉट्सअ‍ॅप खातं द्या, टोकन काढताना मेसेज पाठवायची परवानगी तेवढीच निवडा, जाहिराती, पेज वगैरे काही नको. ते टोकन क्रेडेन्शियलमध्ये गेलं आणि स्वतःला एक मेसेज आला, की त्या मुलाचा अ‍ॅडमिन हक्क काढा आणि जुनं टोकन रद्द करा. त्याला स्पष्ट सांगा की हे तुमच्या दोघांच्याही भल्याचं आहे. उद्या काही झालं तर संशयाची सुई त्याच्याकडे वळायला नको. माझ्या ओळखीत या एका कारणावरून चांगले संबंध बिघडलेत.

रेझरपे: वेबहुकचं सिक्रेट आणि एपीआयचं की सिक्रेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या कोड नोडमध्ये यातलं कोणतं आहे ते आधी बघा. दोन्हीकडे एकच शब्द वापरलेला असेल तर तो प्रकार आजच थांबवा. कोड नोडपुरतं मी वेगळं सुचवते. वेबहुकमध्ये आलेल्या मजकुरावर विश्वास ठेवूच नका. त्यातून फक्त पेमेंटचा आयडी घ्या आणि एचटीटीपी रिक्वेस्ट नोडने, बेसिक ऑथच्या क्रेडेन्शियलसह, रेझरपेलाच विचारा की या आयडीचं काय झालं. उत्तरात रक्कम जुळते का आणि स्थिती 'कॅप्चर्ड' (पैसे मिळाले) आहे का ते पाहा, मगच पावती. खोटा वेबहुक पाठवणाऱ्याला रेझरपेकडचं उत्तर बदलता येत नाही. एक फट उरते: कुणी जुना, खरा आयडी पुन्हा पाठवू शकतो. म्हणून त्या आयडीची पावती आधी निघालीय का हे शीटमध्ये तपासायचं. ते तसंही हवंच, कारण रेझरपे स्वतःच एकच सूचना कधी कधी पुन्हा पाठवतं. असं केलंत की कोड नोडमधून सिक्रेट कायमचं निघून जातं. सही तपासायचीच असेल तर ती एनएटएनच्या पुढे, प्रॉक्सीजवळच्या छोट्या स्क्रिप्टमध्ये तपासा.

वेबहुकवरून आठवलं. तुमच्या कुठल्या वेबहुकला हेडर ऑथ लावलं असेल, तर एखादं एक्झिक्युशन उघडून वेबहुक नोडचा आउटपुट बघा. आलेले सगळे हेडर तिथे दिसतात, पाठवणाऱ्याने दिलेलं सिक्रेटसुद्धा. म्हणून यशस्वी एक्झिक्युशन्स साठवणं त्या फ्लोच्या सेटिंगमध्ये बंद करा. फसलेली तेवढी ठेवा, आणि पूर्ण सर्व्हरसाठी मुदत १४ दिवसांवरून तीन-चार दिवसांवर आणा. पेशंटची माहितीही तितकीच कमी साठेल.

रिसेप्शनवरच्या कुणाला फ्लो बदलायचा हक्क दिलाय का? क्रेडेन्शियलमधलं सिक्रेट त्यांना पडद्यावर दिसत नाही, पण ते क्रेडेन्शियल नोडला लावून यूआरएल स्वतःच्या पत्त्याचा दिला तर सिक्रेट तिकडे पोचतं. नव्या आवृत्त्यांत क्रेडेन्शियलमध्येच ठरवता येतं की ते कोणत्या डोमेनला पाठवायला परवानगी आहे. रेझरपेचं फक्त रेझरपेच्या एपीआयला. हे घालाच. कम्युनिटी नोडही (बाहेरच्या लोकांनी बनवलेले) शक्यतो नको, ते एनएटएनच्याच हक्कांनी चालतात. जानेवारी २०२६ मध्ये एनपीएमवर (असे नोड जिथून येतात त्या पॅकेजेसच्या भांडारावर) गूगल अ‍ॅड्सचा नोड असल्याचं भासवून टोकन पळवणारी पॅकेजेस सापडली होती.

---

समीर_मिरज

डॉक्टरांना अ‍ॅडमिन केलं. त्या मुलाने अर्ध्या तासात सगळं करून दिलं, जुनं क्लोनही डिलीट केलं म्हणाला. व्हॉट्सअ‍ॅप नव्या टोकनवर आहे. रेझरपेला विचारून मगच पावती, हे आज दुपारपासून चालू झालं. रिसेप्शनच्या पीसीवरची जेसन फाइलही गेली.

आता शेवटची शंका. एन्क्रिप्शन की. कॉन्फिग फाइलमध्ये आहे, आणि रोजचा बॅकअप पूर्ण फोल्डरच गूगल ड्राइव्हवर टाकतो. ती बदलायची का? आणि फॉर्म इतके दिवस उघडा होता, त्याचं काय?

---

अरुंधती_ठाणे

बदला. कुलूप आणि किल्ली एकाच पिशवीत घालून तुम्ही रोज ड्राइव्हवर पाठवत होता.

कॉन्फिगमधली ओळ नुसती खोडून नवी टाकू नका, जुनी सगळी क्रेडेन्शियल्स उघडेनाशी होतील. सरळ मार्ग असा: कमांडने क्रेडेन्शियल्स डिक्रिप्ट करून एक्स्पोर्ट करायची, नवी की देऊन एनएटएन सुरू करायचं, परत इम्पोर्ट करायची. पण त्या एक्स्पोर्टच्या फाइलमध्ये तुमचं सगळं साध्या अक्षरात असतं. ती डिस्कवर उतरवू नका, मेमरीतल्या तात्पुरत्या फोल्डरवर काढा, आणि बॅकअपच्या वेळेत हे करू नका. तुमच्याकडे क्रेडेन्शियल्स मोजकीच आहेत, त्यामुळे मी असते तर एक्स्पोर्ट टाळलाच असता: नव्या कीने सुरू करायचं आणि प्रत्येक क्रेडेन्शियल हाताने पुन्हा भरायचं.

नवी की एन्व्हायर्नमेंटमधून द्या, शक्यतो फाइलमधून वाचायला लावून. त्या व्हेरिएबलच्या नावापुढे फाइलचा प्रत्यय लावला की एनएटएन फाइलमधून घेतं. ती फाइल व्हॉल्यूमच्या बाहेर, फक्त त्याच युजरला वाचता येईल अशी. जुन्या कॉन्फिगमध्ये वेगळी की राहिली तर एनएटएन दोन्ही जुळत नाहीत म्हणून सुरूच होणार नाही, तेव्हा तिथली काढा. कीची एक प्रत पासवर्ड मॅनेजरमध्ये, एक कागदावर डॉक्टरांच्या कपाटात. बॅकअप ड्राइव्हवर जाऊ दे, की त्याच्यासोबत कधीच नाही. ड्राइव्हवरचे जुने बॅकअप मात्र कचरापेटीतूनसुद्धा काढा, त्यात पेशंटची माहिती आहे.

फॉर्मबद्दल: त्या फ्लोमधून चढवलेला फोटो कुठे परत दिसत होता का ते आधी बघा. नुसता ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये जात असेल तर धोका कमी. मग प्रॉक्सीचे जुने लॉग काढून फॉर्मच्या पत्त्यावर आलेल्या विनंत्या पाहा. ड्राइव्हच्या त्या फोल्डरमध्ये फोटो नसलेली एखादी फाइल पडलीय का, युजरच्या यादीत अनोळखी ईमेल आहे का, कुणी न बनवलेला फ्लो आहे का, तेही. असं काही सापडलं तर मशिनला हात लावू नका, स्नॅपशॉट घ्या आणि डॉक्टरांना लगेच सांगा. सर्ट-इनच्या (सायबर घटनांसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते, तेव्हा 'सकाळी बघू' चालत नाही.

सगळं झालं की एका वेगळ्या लॅपटॉपवर बॅकअपमधून एनएटएन उभं करून बघा, की कपाटातल्या कागदावरून टाइप करून. सुरू करण्याआधी सगळे फ्लो कमांडने निष्क्रिय करा, नाहीतर पेशंटना रिपोर्ट दुसऱ्यांदा जातील. कुठलंही एक क्रेडेन्शियल उघडा. उघडलं तर की बरोबर उतरली आहे. 'डिक्रिप्ट करता आलं नाही' असं आलं, तर कागदावरचं अक्षर न अक्षर तपासा, शून्य आणि ओ, एक आणि एल हे विशेष. चाचणी संपली की लॅपटॉपवरची ती प्रत पुसून टाका.